सपकाळांचे तीन इंच

"बाई, जरा पाय उचला."

सकाळी साडेसातला मी दारात दूध घेत होते, तेव्हा समोरच्या खोलीतले सपकाळ हे वाक्य बोलले. त्यांच्या एका हातात मोजपट्टी होती, दुसऱ्या हातात वीट, आणि माझ्या उंबऱ्याशी आणखी तीन विटा रचून ठेवलेल्या होत्या. दूधवाल्याने घाईघाईने मान वळवली आणि तो मोटरसायकलवरच्या कॅनकडे बघू लागला.

"कोणता पाय?" मी विचारलं. बावीस वर्षांच्या शेजारात मला एवढं कळलं होतं की सपकाळांना 'का' विचारण्यात अर्थ नसतो.

"ऑपरेशनचा. डावा. धरायचं कशाला न्हाई. आपल्या जोरावर जेवढा जातो तेवढा."

मी बासष्ट वर्षांची बाई. सगळा जन्म मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात गेला, साठ-साठ पोरींचे वर्ग एका नजरेत गप्प बसवले. ती मी दूधवाल्यासमोर निऱ्या धरून विटांवर पाय ठेवत होते. तीन विटांपर्यंत पाय गेला, चौथ्या विटेला ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने नकार दिला. सपकाळांनी पट्टी लावली, खिशातल्या वहीत लिहून घेतलं, "नऊ इंच. बराबर," असं म्हणाले आणि विटा उचलून निघून गेले.

सपकाळ मोजणी खात्यात होते. मंठ्यापासून धावड्यापर्यंत त्यांनी लोकांचे बांध मोजले, भावाभावांच्या भांडणात मधोमध साखळी टाकून उभे राहिले आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी हात थांबलेला नाही. लग्नाला गेले तर आधी मांडवाच्या खांबांमधलं अंतर बघतात. गल्लीच्या तोंडाशी नवा गतिरोधक झाला, तेव्हा तो मधोमध सव्वासात इंच आणि कडेला पाच इंच आहे, हे त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. कुणी म्हणालं की काल पाऊस बराच झाला, तर सपकाळ हात वर करून त्याला थांबवतात. "अंदाज नका सांगू, माप सांगा." ज्याला माप सांगता येत नाही त्याच्याशी ते पावसाबद्दल बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात, कारण मी पाऊस मोजायला गच्चीवर डबा ठेवते.

विटांचं प्रकरण मात्र नेहमीच्या छंदातलं नव्हतं. ते समजायला सुभद्राबाईंबद्दल सांगायला हवं.

सुभद्राबाई म्हणजे सपकाळांची बायको. त्या धावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, शेतवस्तीवर एकट्या राहायच्या. दोन म्हशी, मिरचीचा प्लॉट, थोडी अद्रक. मूलबाळ नाही. सपकाळ इकडे जालन्यात भाड्याच्या खोलीत. शनिवारी तिकडे जायचं, सोमवारी सकाळी परत यायचं, हा क्रम नोकरीत होता आणि निवृत्तीनंतरही तसाच चालू राहिला. वस्ती आणि रस्ता यांच्यामध्ये एक ओढा आहे, त्यावर बुटका फरशी पूल. डोंगरात पाऊस झाला की फरशी पाण्याखाली जाते आणि वस्ती तिकडच्या तिकडे अडकते.

गेल्या भादव्यात सुभद्राबाई गोठ्यात घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. पाणी उतरेपर्यंत त्या दीड दिवस बाजेवर पडून होत्या. शेजारच्या वस्तीवरच्या बायांनी पाणी पाजलं, अंग शेकलं, दुसरं त्या काय करणार. सपकाळ अलीकडच्या काठावर बसून होते. पलीकडे घराचे पत्रे दिसत होते आणि जाता येत नव्हतं. परत आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "एक्क्याण्णव फूट अंतर व्हतं, बाई. काठावर खुट्या ठोकून काढलं मी."

हाडात सळई बसली. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालतील, पण पाय फार वर उचलायचा नाही. दवाखान्यातून सुभद्राबाई थेट वस्तीवर गेल्या, त्यांचा चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता. मला राग आला. मी सपकाळांना गेटवरच विचारलं, "अहो, चार दिवस इथं खोलीवर का नाही आणलंत?"

"ती म्हनली न्हाई."

"तुम्ही म्हणालात का?"

"तिनं म्हनायला पाह्यजे ना, बाई." आणि ते गेट लावून आत गेले.

उन्हाळा लागला तशी सपकाळांनी एक जुनी डिझेल जीप आणली. चारही चाकांना जोर देणारी, रंग उडालेली, पण सांगाड्याने धड. यंदाच्या भादव्यात पाणी आलं तर काठावर बसायचं नाही, जाऊन बायकोला घेऊन यायचं, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. आता अडचण अशी की गाडी जेवढी उंच, तेवढी ओढ्याला बरी. आणि जेवढी बुटकी, तेवढी सुभद्राबाईंच्या पायाला बरी. या दोन मापांच्या मध्ये सपकाळ तीन महिने अडकून पडले. आणि त्यांच्याबरोबर मीही.

"सरळ त्यांचाच पाय का नाही मोजत?" मी विचारलं.

"तिला कळंल ना."

"कळलं तर काय होईल?"

त्यांनी पट्टी सर्रकन मिटली. म्हणून मग गल्लीतल्या साठीपुढच्या सगळ्या बायकांचे पाय मोजले गेले. दोन घरांनी सपकाळ दिसले की दार लावून घ्यायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या एका आजींनी मात्र हौसेने दोन्ही पाय मोजून घेतले आणि वर विचारलं की याचे पैसे कोणत्या योजनेतून मिळणार आहेत.

जीपचं काम रशीदचाचांकडे होतं. जुन्या जालन्यात त्यांचं गॅरेज आहे आणि जीप म्हटलं की लांबलांबून लोक त्यांच्याकडे येतात. हा माणूस हाताने दांडा हलवून सांगतो, कुठला नट ढिला आहे. म्हणजे सगळा कारभार अंदाजाचा. सपकाळांची आणि त्यांची रोज जुंपायची. चाचा म्हणायचे, "सपकाळसाब, पट्टी जेबमध्ये ठेवा, गाडी घाबरून राह्यली."

टायरच्या दुकानात मी सोबत गेले होते. तिथल्या पोरसवदा मालकाने रुंद, काट्याकाट्यांचे तेहतीस इंची टायर दाखवले. "काका, हे घ्या. गाडीला लूक येईल."

"लूक किती इंच येईल?" सपकाळांनी विचारलं. तो मुलगा हसला. सपकाळ हसले नाहीत, ते उत्तराची वाट बघत होते.

ते टायर चाचांनीच बाद केले. एक तर हँडल पुरतं वळवलं की एवढा टायर मडगार्डला घासणार. दुसरं म्हणजे, "रुंद टायरला पानी ढकलतं. तुम्हाला वाहत्या पान्यात जायचं ना? मंग उंच घ्या, पन पातळ घ्या." जुना टायर अठ्ठावीस इंची होता, तीस इंची ठरला. वर चाकांवरचे लोखंडी कमान पाटे बदलून गाडी दोन इंच उचलायची. त्याहून जास्त उचलली तर पासिंगला भानगड, आणि वळणावर कलंडायची भीती.

"म्हंजे दोन आन् दोन चार," सपकाळ म्हणाले. "मागचा गोळा चार इंच वर गेला. बस झालं." गोळा म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या धुरीच्या मधलं लोखंडी पोट. खालून दगडाला आधी तेच लागतं.

मला राहवलं नाही. मी गॅरेजच्या फरशीवर खडूने वर्तुळ काढलं. टायरचा व्यास दोन इंच वाढला तर धुरी वर जाते एकच इंच, कारण धुरी मध्यावर असते. पाटे बदलले तर वरचं अंग उचललं जातं, धुरी जागची हलत नाही. म्हणजे गोळा वर जाणार फक्त एक इंच आणि बसायची जागा तीन इंच.

सपकाळ त्या वर्तुळाकडे बघत राहिले. सगळ्या नोकरीत कुणाच्या बांधाला वीतभर चूक झाली नव्हती, आणि बायकोच्या गाडीत तीन इंच हवेत धरले होते. "ह्या हिशोबावर मी ओढ्यात उतरलो असतो," ते हळू आवाजात म्हणाले. पुढचे दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मलाच वाटलं, उगीच बोलले.

तिसऱ्या दिवशी ते नवी वही घेऊन आले. ओढ्याकाठच्या खांबावर त्यांनी पांढऱ्या रंगाने खुणा करून ठेवल्या होत्या, त्या हिशोबाने नवं माप ठरलं. फरशीवर पाणी फूटभर असेल तोवर जायचं. वर नाही. चाचांनी त्यांचा हात हातात घेऊन हे वदवून घेतलं. "एक सूत बी ज्यादा दिसलं तर गाडी बंद करून बसायचं. कसम?" सपकाळ म्हणाले, "कसम."

पुढचा प्रश्न धक्क्यांचा. जुन्याच पाट्यांवर एक पाटा वाढवला तर गाडी उचलली जाते खरी, पण दगडासारखी कडक होते, आणि सळई बसवलेल्या हाडाला ते चालणार नाही. त्याची परीक्षाही माझ्यावरच झाली. मला मागच्या सीटवर बसवून मांडीवर ताकाने काठोकाठ भरलेला डबा दिला आणि जालन्याच्या रस्त्यांवरून फिरवलं. पाटा वाढवलेल्या गाडीत अर्धं ताक माझ्या साडीवर आलं. सपकाळांनी उरलेलं ताक पट्टी बुडवून मोजलं. शेवटी जास्त कमानीचे नवे, मऊ पाटे करून घेतले. त्या खेपेला दोन बोटं ताक सांडलं आणि सपकाळांनी पहिल्यांदा चाचांच्या पाठीवर थाप मारली.

उरला पाय. गाडी तीन इंच उंच झाली, नऊ इंचांची बाई चढणार कशी? खाली पायरी लावावी तर ओढ्यातल्या दगडाला ती आधी अडकणार. चाचांनी दोन पायऱ्यांचं घडीचं पायदान केलं. बिजागरी आणि साखळी. खाली सोडलं की पायरी, ओढून घेतलं की दाराला चिकटून. मी त्यावर अकरा वेळा चढले आणि उतरले. सपकाळ प्रत्येक वेळी माझ्या पायाकडे न बघता चेहऱ्याकडे बघत होते, दुखतंय का ते.

तयार गाडी घरी आणली त्या दिवशी सगळी गल्ली बाहेर आली. सपकाळांनी ऐटीत वळण घेतलं, घरमालकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी घातली आणि गाडीचा टप शेडच्या कडेला कर्रकन घासून अडकला. ज्या शेडखाली गाडी ठेवायची त्याचं माप घ्यायचं राहून गेलं होतं. चारही टायरची हवा सोडून गाडी बाहेर काढावी लागली. लोक आठवडाभर हसले. सपकाळांना ते ऐकूच आलं नाही. ते गच्चीवर उभे राहून उत्तरेकडचं आभाळ बघत होते.

भादव्यात एका बुधवारी सकाळी ते माझ्या दारात आले. दाढी केलेली नव्हती.

"काल सकाळपासून फोन लागंना तिचा. बंद येऊन राह्यला. डोंगरात रात्रभर पाऊस हाय म्हनतात." किती पाऊस, ते त्यांनी सांगितलं नाही. "बाई, मागं एक बाई लागंल. तिला हात द्यायला."

मी काठी घेतली आणि निघाले.

राजूर आलं. एरवी सपकाळ तिथे गणपतीला थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्या दिवशी हँडलवरचा एक हात उचलून कपाळाला लावला आणि गाडी पुढे काढली. तोंडाने पुटपुटणं चालू होतं. "काटा चाळीस म्हंजे खरे त्रेचाळीस. चाळीस म्हंजे त्रेचाळीस." टायर मोठे झाल्यापासून काटा कमी दाखवतो, हे मला पाठ झालं होतं. दहाव्यांदा ऐकल्यावर त्यांना थांबवायला म्हणून मी विचारलं, "सपकाळ, तुम्ही तिकडेच का राहत नाही? इथे तुमचं काय अडलंय?"

त्यांचं पुटपुटणं भोकरदनला थांबलं. मग समोर बघतच सांगू लागले.

ती जमीन सुभद्राबाईंच्या वडिलांची. सपकाळ नोकरीला लागले, तेव्हा तिथला बांधाचा तंटा मोजायला गेले होते. म्हाताऱ्याला हा खरं माप सांगणारा पोरगा आवडला आणि त्याने एकुलती एक मुलगी दिली. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मोठ्याने म्हणालं, मोजणीवाल्याने जमीनही मोजली आणि पोरगीही, आता घरजावई होऊन दोन्ही खाणार. पंगत हसली. सपकाळ पत्रावळीवरून उठले नाहीत, पण तो घास त्यांना अजून गिळता आलेला नाही.

"तवाच ठरवलं. दोन रातींच्या वर तिथं ऱ्हायचं न्हाई. तिसऱ्या रातीला मानूस घरजावई होतो."

"हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

"लिवलेलं न्हाई," ते म्हणाले. खिडकीबाहेर मक्याच्या शेतांत पाणी साचलेलं होतं.

ओढ्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. फरशी दिसत नव्हती. गढूळ पाणी आवाज करत तिच्यावरून चाललं होतं. पलीकडे चढावर सुभद्राबाईंच्या घराचे पत्रे. सपकाळ उतरले, खांबाजवळ गेले आणि वाकून खूण बघितली. मग शंका नको म्हणून काठी बुडवून बघितली.

"चौदा," ते म्हणाले.

मग ते पलीकडे बघत राहिले. "चुलीचा धूर न्हाई."

मी बघितलं. खरंच नव्हता. काठावर एक ट्रॅक्टरवाला थांबलेला होता, तो म्हणाला, "काका, टाका ना गाडी. एवढी उंच केली कशाला मंग?"

सपकाळांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते जीपच्या बंपरला टेकून उभे राहिले. दर दहा मिनिटांनी काठी बुडवायची. चौदा. चौदा. मग सव्वाचौदा. पाणी चढत होतं.

आता खरं सांगते, धीर माझाच सुटला. पस्तीस वर्षं मुलींना सांगितलं, उत्तर आलं तेच लिहा, हवं ते लिहू नका. आणि मी म्हणाले, "सपकाळ, दोन इंचांनी काय होतंय? चला. त्या तिकडे पडल्या असतील तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ते बघणं मला अजून आठवतं. "मला काय वाटत न्हाई का, बाई? पन मी वाहून गेलो तर तिला कोन आनंल? आन् मागं तुम्ही बसल्यात." एवढं बोलून ते परत खांबाकडे गेले.

दोन तास. ट्रॅक्टरवाल्याने चहा दिला, त्यांनी घेतला नाही. साडेतेरा. तेरा. एकदा पलीकडे पत्र्यांखाली काहीतरी पांढरं हललं, पण ती म्हशीच्या पाठीवरची गोणीही असेल. मी एकसारखं त्या घराकडे बघत होते आणि ते एकसारखे पाण्याकडे. एक वाजून गेला. त्यांनी काठी बुडवली, अंगठ्याने जागा धरली, पट्टी लावली, पुन्हा लावली.

"बारा. तुम्ही हितं थांबा."

"मग हात कोण देणार?" मी म्हणाले आणि मागे जाऊन बसले.

गाडी पाण्यात उतरली. पाणी दारावर थडाथडा आपटत होतं आणि आत पायाशी झिरपत होतं. सपकाळांनी एकदाही गिअर बदलला नाही, बारीक वेग धरून सरळ पलीकडच्या खांबावर नजर लावली. मधोमध आलो आणि गाडीची मागची बाजू वीतभर बाजूला सरकली. मी पुढची सीट घट्ट धरली. सपकाळांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आकडे मोजतायत. पुढे वाकून ऐकलं तर ते फक्त "सुभद्रा, सुभद्रा" म्हणत होते. मग टायरना पुन्हा फरशी सापडली आणि आम्ही चढाला लागलो.

सुभद्राबाई ओट्यावर बसून हिरव्या मिरच्या निवडत होत्या.

"फोन?" सपकाळांनी गाडीतूनच विचारलं. आवाज फाटलेला होता.

"लाईट न्हाई कालपासून. फोन बंद पडला."

"धूर कसा न्हाई मंग?"

"गॅसवर केलं. लाकडं वली हायत." त्यांनी मला बघून बसल्या जागी नमस्कार केला, मग जीपकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही का ती गाडी."

सपकाळ खाली उतरले. गुडघ्यापर्यंत भिजलेले, पण एकदम घाईत. पायदान खाली सोडलं, साखळी ओढून बघितली. "चल. पानी परत चढंल. जालन्याला जाऊ."

सुभद्राबाई काठी घेऊन उठल्या. सावकाश आल्या. मी मागून हात दिला. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, अलगद. मग दुसऱ्या पायरीवर. कुठे अडलं नाही, तोंडावर कळ आली नाही. सपकाळांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी बावीस वर्षांत बघितलं नव्हतं. आता एकच पाऊल, की त्या सीटवर. पण त्या तिथेच उभ्या राहिल्या, उंचावरून आपल्या मिरचीच्या प्लॉटकडे बघितलं आणि एकेक पायरी करत परत खाली उतरल्या.

"चढाया येतं," त्या म्हणाल्या. "माप बराबर हाय. पन मी येत न्हाई."

"का?"

"पानी आलं की मला न्यायचं, उतरलं की आनून सोडायचं. दर पान्याला माझी ने-आन. त्यापरीस तुम्हीच हितं राह्यलात तर कुनाला काई वलांडायचं काम पडतं का?"

सपकाळ गाडीची साखळी हातात धरून उभे होते. "लोक घरजावई म्हनतील."

"कोन लोक?"

"तुझा चुलता."

"त्यो गेला. तुम्हीच खांदा देल्ता."

"त्ये खालच्या वस्तीचे मामा."

"त्ये बी गेले, तीन वर्सं झाले."

सपकाळ आठवत राहिले. "पंगतीत त्यो आचारी व्हता, त्यो बी हसल्ता."

"आचाऱ्याला भिऊन तुम्ही जालन्यात राह्यले?" सुभद्राबाईंचा आवाज चढला नाही. "अवो, तसं म्हनायला आता कुनी मानूस उरला न्हाई. मी एकटीच हाय. मी म्हनू का?"

सपकाळ ओट्याच्या कडेला बसले. मिरच्यांच्या ढिगाशेजारी. वाकून त्यांनी ओल्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाले, "तू कवा म्हनली न्हाई, ऱ्हा म्हनून."

"आता म्हनते."

मला म्हशींत अजिबात रस नाही. पण मी गोठ्यात गेले आणि बराच वेळ म्हशी बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पाणी पुरतं उतरलं होतं. सपकाळांनी मला भोकरदनच्या बसस्टँडवर सोडलं, खोलीची किल्ली दिली. "कपाटात बीपीच्या गोळ्या हायत. धावड्याच्या गाडीवाल्याकडं द्या. बाकी सामान मी येऊन नेतो. मालकाला सांगा, खोली सोडली म्हनून." आणि माझी बस सुटायची वाटही न बघता ते निघून गेले.

त्या खोलीत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आमचं सगळं बोलणं गेटवर, नाहीतर माझ्या दारात व्हायचं. दार उघडलं. एक ताट, एक पेला, जमिनीवर एक पातळ गादी. सपकाळ त्या गादीवर झोपत होते. भिंतीशी एक पलंग होता, त्याचे पाय करवतीने कापून बुटका केलेला, वर नवी कोरी गादी, तिचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. उशाशी काठी अडकवायला खिळा. न्हाणीघराच्या दारापासून आतपर्यंत भिंतीला धरून चालायला दांडा ठोकलेला, पाट काढून तिथे उंच स्टूल ठेवलेलं. मांडणीच्या फळ्या खाली घेतलेल्या, कपडे वाळत घालायची दोरी खाली आणलेली. बायकांच्या रबरी चपलांचा नवा जोड. सगळ्यावर धूळ बसली होती.

मी त्या गादीच्या कागदावर बसले आणि मला रडू आलं. मग राग आला. गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि सुभद्राबाईंना फोन लावला. लाईट आली असावी. मी बघितलं ते सगळं सांगून टाकलं. मला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं, पण या दोघांच्या न सांगण्याचा मला आता कंटाळा आला होता.

पलीकडे काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"कवाचं हाय ते?" त्यांनी विचारलं.

"धुळीवरून तरी गेल्या वर्षीचं."

"म्हंजे मी दवाखान्यात व्हते तवाचं."

"हो."

मग अगदी हळू, फोनच्या जवळ तोंड आणून त्या म्हणाल्या, "एक डाव म्हनले असते ना बाई, तर मी आले असते."

मागून सपकाळांचा आवाज आला, "कुनाचा फोन हाय?"

"बाईंचा," सुभद्राबाई मोठ्याने म्हणाल्या. "पोचल्या म्हनत्यात. गोळ्या लावून देतील. तुम्ही जेवून घ्या, भाकर निवून राह्यली."